ऑल्डरसाइक कुणाच्या हद्दीत

लॉरेन गार्बट पहिल्यांदा आल्या त्या शुक्रवारी वाचनालयातला हीटर बंद पडला होता आणि खासदार कोट अंगावर ठेवूनच लोकांची गाऱ्हाणी ऐकत होते. मी शेजारी वही घेऊन बसले होते. मला सातवा महिना होता, त्यामुळे वही पोटावरच टेकवलेली.

एडमंड क्रॉसली आमचे कार्न्टनचे खासदार. त्यांच्याकडे येणाऱ्या लोकांच्या फायली ठेवायच्या, खात्यांना पत्रं लिहायची आणि उत्तर येईपर्यंत फोन करून करून त्यांना नकोसं करायचं, हे माझं काम. कुणाचं छप्पर गळतंय, कुणाचा अपंगभत्ता अडकलाय, कुणाच्या बायकोचा व्हिसा. रडणारी माणसं मी खूप पाहिली होती. गार्बटबाई रडल्या नाहीत. त्यांनी टेबलावर एक नकाशा पसरला आणि चारी कोपऱ्यांवर आमचेच चहाचे कप ठेवले.

त्या ऑल्डरसाइकच्या. कार्न्टनपासून चौदा मैल, टेकडीच्या पलीकडे, नदीकाठचं गाव. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायच्या. त्यांची सतरा वर्षांची मुलगी फ्रेया हिनं जेवण सोडलं होतं. आधी पाव सोडला, मग बटाटे, मग टेबलाशी बसणंच. अशा मुलींसाठी आमच्या काउंटीत एकच युनिट, थोर्बीच्या हॉस्पिटलात, आठ खाटांचं. तिथं खाट नव्हती म्हणून फ्रेयाला साउथकोटला पाठवलं होतं, दक्षिणेला समुद्राकाठी, दोनशे मैलांवर.

"दर दुसऱ्या रविवारी जाते," गार्बटबाई म्हणाल्या. "तीन गाड्या बदलून. पाऊण तास भेटू देतात. तेवढ्यात ती अर्धं केळं खाते. मी रोज समोर बसले ना, तर अख्खं खाईल. पैज लावते तुमच्याशी."

"थोर्बीत खाट रिकामी झालीच नाही का?" क्रॉसलींनी विचारलं.

"झाली की दोनदा. पण आधी थोर्बीकडच्या मुली, म्हणतात. ऑल्डरसाइक त्यांच्याकडे येत नाही. आता हे बघा." त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. "बाहेर भिंतीवर लावलाय, काउंटरवरच्या बाईनं मला प्रत काढून दिली. सगळ्या रेघा नव्यानं आखतायत ना? ही रेघ आमच्या गावाच्या अलीकडून घेतली की आम्ही थोर्बीत. मग खाटेवर आमचाही हक्क. त्यासाठी कुणाला भेटायचं, तेवढं सांगा."

नकाशा सीमा आयोगाचा होता. मतदारसंघांची नवी आखणी चालली होती, प्रत्येकात मतदार साधारण सारखे यावेत म्हणून. ती रेघ फक्त एवढंच ठरवते, की तुम्ही मत कुणाला द्यायचं. हॉस्पिटलची रेघ वेगळी, ती आरोग्य मंडळ आखतं. पोलिसांची तिसरी, पाणी कंपनीची चौथी. एकीला दुसरीचा पत्ता नसतो. या नोकरीत पहिल्या आठवड्यात शिकवतात ते हे. मी तोंड उघडलं.

"बाई, अगदी बरोबर बोललात," मागून डंकन म्हणाला.

डंकन पक्षाचा एजंट. निवडणुका त्याच्या डोक्यात बाराही महिने चालू असतात. तो पुढे आला आणि गार्बटबाईंच्या शेजारी चक्क गुडघ्यावर बसला. "ऑल्डरसाइक थोर्बीचंच आहे. पुढच्या महिन्यात आयोगाची जनसुनावणी आहे. तिथं येऊन हेच सांगाल? दहा मिनिटं देतात."

"मी? अहो, मला शाळेतल्या गॅदरिंगमध्येसुद्धा घाम फुटतो."

"ही टेसा लिहून देईल तुम्हाला. छान लिहिते."

गार्बटबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे. "कितवा गं पोरी?"

"सातवा."

"मग हिलाच कळेल," त्या डंकनला म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी दार लावलं. "डंकन, या रेघेचा आणि त्या खाटेचा काडीचा संबंध नाही."

"मी कुठं म्हटलं आहे म्हणून?"

"ती तसं समजून बसलीये."

"हे बघ. ऑल्डरसाइकमध्ये अकराशे मतं. त्यातली आठशे आपल्याविरुद्ध. हे मी आयोगापुढे म्हणालो तर मला बाहेर काढतील. तिथं मतांचं नाव काढायचं नाही. रस्ते, बाजार, शाळा, माणसांचा घरोबा, एवढंच चालतं. मी बोललो की त्यांना पक्ष दिसतो. ती बोलली की आई दिसेल." तो हसला. "तिला थोर्बीत जायचंय, आपल्याला ती तिकडे गेलेली हवीये. यात कुणाचं काय बिघडलं?"

मी क्रॉसलींकडे पाहिलं. ते वाईट माणूस नव्हते, अजूनही नाहीत. कपातला थंड चहा ढवळत म्हणाले, "तिच्या मुलीसाठी आपण पत्रं लिहूच ना, टेसा. गाव कुठंही जावो."

मला तेवढं पुरलं. पुरलं म्हणजे मी पुरवून घेतलं.

भाषण आम्ही दोघींनी मिळून केलं. त्या सांगायच्या, मी टाईप करायचे. गावातली पोरं थोर्बीच्या शाळेत जातात. गुरांचा डॉक्टर थोर्बीचा. मासे आणि चिप्स थोर्बीचे, कार्न्टनवाले तेल बदलत नाहीत. "हे शेवटचं लिहू नको," म्हणाल्या आणि मग स्वतःच म्हणाल्या, "नाही, लिही. खरंय ते." एक्केचाळीस नंबरची बस गावातून सरळ थोर्बीला जाते, मंगळवारी आणि शुक्रवारी.

डंकननं मसुदा वाचला आणि एकाच ठिकाणी पेन्सिल फिरवली. "वार कशाला? 'बस सरळ थोर्बीला जाते', एवढं बास." मी वार खोडले.

सुनावणी कार्न्टनच्या टाउन हॉलमध्ये होती. स्टेजवर आयोगाची एक अधिकारी बाई, शेजारी रेकॉर्डिंग करणारा, आणि समोर शंभर खुर्च्यांवर बावीस माणसं. गार्बटबाईंनी चर्चला जायचा निळा कोट घातला होता. पहिली दोन मिनिटं त्यांनी ओळीवर बोट ठेवून कागद वाचला. मग त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला.

"माझी फ्रेया थोर्बीत जन्मली," त्या म्हणाल्या. "त्या रात्री बर्फ पडलं होतं, तर शेजारच्या वॉल्टरनं ट्रॅक्टर पुढे घालून आम्हाला थोर्बीला पोचवलं. कार्न्टनकडचा रस्ता कुणाच्या डोक्यातसुद्धा आला नाही. पोरं जन्मतात थोर्बीत, माणसं मरतात थोर्बीत, मधल्या वेळात चिप्स थोर्बीचे. मग मतच तेवढं कार्न्टनला कशाला?"

लोक हसले, अधिकारी बाईसुद्धा हसली. मग गार्बटबाई म्हणाल्या, "माझी मुलगी आजारी आहे. तिला तिच्या गावाच्या हॉस्पिटलात आणायचंय मला. दुसरं काही मागत नाही." आणि खाली बसल्या. विरुद्ध पक्षाचा माणूस प्रश्न विचारायला उठला होता, तो तसाच परत बसला.

डंकननं माझा दंड दाबला. पोटात आयव्हीनं लाथ मारली.

पुढच्या उन्हाळ्यात अंतिम अहवाल आला. ऑल्डरसाइक थोर्बीत. एका परिच्छेदात लिहिलं होतं, की स्थानिक रहिवाशाची साक्ष आम्हाला विशेष पटली. वॉल्टरनं तो परिच्छेद कापून पबच्या दारावर लावला. गार्बटबाईंनी मला फोन केला. "पोरी, जिंकलो की गं आपण! आता खाट कधी?"

"रेघ पुढच्या निवडणुकीपासून लागू होते," मी म्हणाले. हे खरं होतं. याच्यापुढचं मी बोलले नाही. आयव्ही मांडीवर होती, कुस्करलेलं गाजर माझ्या बाहीला पुसत होती.

एक मात्र खरं. पत्रं आम्ही लिहिली. बाहेरच्या भागातली मुलगी थोर्बीला घ्यायची तर आमच्या आरोग्य मंडळाची मंजुरी लागते, आणि ती तीनच महिने चालते. सामान्य माणसानं मागितली तर यायला तीन आठवडे. खासदाराच्या ऑफिसातून फोन गेला तर दोन दिवस. तो फोन मी करायचे, दर तीन महिन्यांनी, न चुकता. थोर्बीला खाटांचं बघणारी ग्लेनिस नावाची बाई होती. तिची माझी इतकी ओळख झाली की ती आयव्हीचे दात विचारायची. फ्रेया यादीत नववी होती, मग सहावी, मग तिसरी.

गार्बटबाई महिन्यातून एकदा ऑफिसात यायच्या. आयव्ही काय खाते, हा त्यांचा पहिला प्रश्न.

"मटार फेकते," मी एकदा वैतागून म्हणाले. "सगळं खाते, मटार तेवढे भिंतीवर."

"फेकू दे," त्या म्हणाल्या. "हसत फेकते ना? मग फेकू दे. तू फक्त समोर बसून राहा."

फ्रेया आता एकोणीस वर्षांची झाली होती. मधे एकदा वजन वाढलं, पुन्हा उतरलं. अर्ध्या केळ्याचं आता पाव केळं झालं होतं. हे सांगताना गार्बटबाई अंगठा आणि तर्जनी यांत तेवढं अंतर दाखवायच्या.

जुलैच्या पहिल्या गुरुवारी मतदान ठरलं. संसद विसर्जित झाली की खासदार कुणीच उरत नाही. ऑफिसच्या दारावर तशी पाटी लागते. जी गावं नव्या आखणीत दुसरीकडे गेली, तिथल्या लोकांना मला पत्रं पाठवायची होती: तुमची फाईल आम्ही बंद करत आहोत, ती तुमच्या नव्या खासदारांकडे द्यायची असेल तर सोबतच्या फॉर्मवर सही करून पाठवा. एकाच्या मतदारसंघातल्या माणसाचं काम दुसऱ्या खासदारानं करायचं नाही, हा आमच्याकडचा जुना रिवाज. कायदा नाही, पण कायद्याहून कडक पाळतात. ऑल्डरसाइकच्या सात फायली होत्या. गार्बटबाईंचा सही केलेला फॉर्म तिसऱ्या दिवशी आला. पाकिटात आयव्हीसाठी विणलेली टोपी होती.

क्रॉसली सहाशे अकरा मतांनी निवडून आले. मोजणीच्या हॉलमध्ये डंकननं पाकिटाच्या मागे वजाबाकी करून मला दाखवली. ऑल्डरसाइक आमच्यात असतं तर आकडा काय झाला असता, ते: एकशे अकरा. मी पाहिलं आणि पाकीट परत दिलं.

थोर्बीला नवी बाई निवडून आली होती. पहिल्यांदाच. तिला ऑफिस नव्हतं, फोन नव्हता, माणसं नव्हती. एक ईमेल पत्ता होता, त्यावर लिहिलं की लगेच उत्तर यायचं: आपल्या संदेशाबद्दल आभार, आमचं ऑफिस लवकरच सुरू होत आहे.

मतदानानंतर बाराव्या दिवशी, मंगळवारी, ग्लेनिसचा फोन आला.

"टेसा, सोमवारी एक खाट रिकामी होतेय. वरच्या दोघींपैकी एक बरी झाली, दुसरी नको म्हणाली. फ्रेयाचा नंबर आहे. पण तुमची मंजुरी तीस जूनला संपलीये. गुरुवारी दुपारी बारापर्यंत नवी आली तर ठेवते. त्यापुढे मला थांबता येणार नाही गं."

मी क्रॉसलींच्या खोलीत गेले. डंकन तिथंच होता.

"ती आपली नाही आता," डंकन म्हणाला.

"एक फोन आहे, डंकन. दोन मिनिटांचा."

"आणि नव्या बाईला कळलं, की आपण तिच्या मतदारसंघात हात घातला? पहिल्याच महिन्यात बोंब मारेल ती. पेपरात येईल."

"एडमंड, तुम्ही म्हणाला होतात, गाव कुठंही जावो."

क्रॉसलींनी चष्मा काढून डोळे चोळले. "मी त्या नव्या बाईंना चिठ्ठी लिहितो. आजच लिहितो. रीतसर जाऊ दे, टेसा."

त्यांनी लिहिली. संसदेच्या टपालानं. ती नव्या बाईंना कधी मिळाली, मला माहीत नाही.

फोन माझ्या टेबलावर होता, आरोग्य मंडळाचा नंबर पाठ होता. मी फोन उचलून "क्रॉसलींच्या ऑफिसातून बोलतेय" म्हटलं असतं, तर पलीकडून कुणी विचारलं नसतं, की ऑल्डरसाइक हल्ली कुणाच्या हद्दीत आहे. पण निवडणुकीनंतर आम्हा सगळ्यांच्या नेमणुका नव्यानं व्हायच्या होत्या. माझा कागद क्रॉसलींच्या ट्रेमध्ये सहीविना पडला होता. आयव्हीची नर्सरी, घराचं भाडं, सगळं त्या कागदावर. मी फोन उचलला तो गार्बटबाईंना लावायला.

"तुम्हीच फोन करा मंडळाला," मी म्हणाले. "आत्ता, लगेच. नंबर लिहून घ्या."

"मी कशी? नेहमी तू करतेस ना?"

"मला आता करता येत नाही. तुम्ही थोर्बीत गेलात."

पलीकडे त्या पेन शोधत होत्या. मग त्या म्हणाल्या, "थोर्बीत गेलो म्हणूनच तर खाट मिळतेय ना?"

"नंबर घ्या, मिसेस गार्बट."

मंगळवारी त्या तास-सव्वातास फोन धरून होत्या. बुधवारी शाळेच्या सुट्टीच्या शिबिरात स्वयंपाक करताना फोन खांद्यात धरून दोन तास. कुणीतरी त्यांचं नाव लिहून घेतलं आणि दहा कामाचे दिवस लागतील म्हणून सांगितलं. गुरुवारी बारा वाजून गेल्यावर ग्लेनिसनं खाट थोर्बीतल्याच एका मुलीला दिली. तिचंही वय एकोणीस होतं, असं नंतर ग्लेनिस मला म्हणाली, जणू त्यानं काही हलकं होईल.

शुक्रवारी माझ्या नेमणुकीच्या कागदावर सही झाली.

ऑगस्टच्या अठरा तारखेला, रविवारी, फ्रेया गेली. हृदय थांबलं. गार्बटबाई तेव्हा दुसऱ्या गाडीत होत्या, तिसरी पकडायची बाकी होती. त्यांच्या जेवणाच्या डब्यात केळं होतं.

आमच्याकडे माणूस जिथं मरतो, त्या हद्दीतल्या रजिस्ट्रारकडे मृत्यूची नोंद करतात. म्हणजे पुन्हा साउथकोट. मी रजा काढली आणि म्हणाले, "मी गाडी घेऊन येते." त्या नको म्हणाल्या नाहीत.

बुधवार होता. पहाटे निघालो, साडेदहाला पोचलो. रजिस्ट्रार तरुण बाई होती, हळू आवाजात विचारत होती. पूर्ण नाव. जन्मतारीख. जन्मस्थळ.

"थोर्बी," गार्बटबाई म्हणाल्या. बाईनं टाईप केलं. "नीट लिहिलंत ना? थोर्बी. बर्फ पडलं होतं."

"लिहिलं, बाई."

"मृत्यूचं ठिकाण तुम्हाला माहीतच आहे."

"हो."

परतताना पावणेदोनशे मैल आम्ही जेमतेम बोललो. त्यांनी दाखल्याचं पाकीट मांडीवर सरळ धरलं होतं. थोर्बीच्या अलीकडे, जिथून हॉस्पिटलची चिमणी दिसायला लागते, तिथं माझ्यानं राहवेना.

"मिसेस गार्बट, त्या रेघेचा आणि खाटेचा काही संबंध नव्हता. कधीच नव्हता. मला माहीत होतं. तुम्ही पहिल्यांदा वाचनालयात आलात, त्याच दिवशी."

त्या रस्त्याकडे पाहत राहिल्या.

"गाव आमच्याकडेच राहिलं असतं, तर तो फोन मी केला असता. दोन दिवसांत मंजुरी आली असती."

"मग लिहून का दिलंस?"

मी तोंड उघडलं. डंकन, क्रॉसली, तो सहीचा कागद, सगळं जिभेवर येऊन गेलं. ते खरंच होतं, पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

"छान लिहिलं होतंस," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "लोक हसले होते."

हॉस्पिटलसमोरच्या बसस्टॉपपाशी त्यांनी हात वर केला. "इथं थांबव."

"अजून अकरा मैल आहेत. घरापर्यंत सोडते ना."

"इथून एक्केचाळीस नंबर जाते."

त्या उतरल्या. आडोशाखालच्या बाकावर जाऊन बसल्या, पाकीट मांडीवर, पाय जुळवून. मी गाडी पुढे नेली, वळवली आणि समोरच्या बाजूला लावली. एक्केचाळीस मंगळवारी आणि शुक्रवारी जाते. मीच टाईप केलं होतं, मीच खोडलं होतं. त्यांनाही माहीत होतं. तीस वर्षं त्या त्याच बसनं फिरत होत्या.

मी रस्ता ओलांडून त्यांच्यापाशी गेले. "आज बुधवार आहे, मिसेस गार्बट."

"माहितीये."

"वॉल्टरला फोन करू? तो येईल न्यायला."

"कर हवं तर."

मी केला. वॉल्टर म्हणाला, वासराला औषध पाजून निघतो, तास लागेल. मी उभीच राहिले. बसायला त्यांनी सांगितलं नाही. समोर हॉस्पिटलातून भेटीची वेळ संपून लोक बाहेर येत होते, रिकामे डबे घेऊन. पावणेपाच झाले. नर्सरी सहाला बंद होते आणि इथून कार्न्टन पंचवीस मैल. मी घड्याळाकडे पाहिलेलं त्यांनी पाहिलं.

"जा," त्या म्हणाल्या. "पोर वाट बघत असेल."

मी जागची हलले नाही.

"सकाळी काय खाल्लं तिनं?"

"अंडं. अर्धा टोस्ट."

"आणि केळं?"

मी होकारार्थी मान हलवली.

"अख्खं?"

"अख्खं."

त्यांनी पाकीट मांडीवर पुन्हा सरळ केलं आणि बस येते त्या दिशेला तोंड फिरवलं.

"मग जा," त्या म्हणाल्या.